भाग एकशे बारा

भाग एकशे बारा मी मंगळवारी संध्याकाळी बरोबर सात वाजता टाकला आणि बुधवारी सकाळी साडेनऊला काढून टाकला. टाकला ही चूक होतीच, पण काढला ही त्याहून मोठी. हे शहाणपण आजचं. तेव्हा मला वाटत होतं की मी सगळं निस्तरतेय.

मी मोबाईलवर कथा लिहिते. एका ॲपवर माझी ‘सुट्टी मंजूर’ नावाची मालिका चालायची, रोज एक भाग. आमचं गाव म्हसवडच्या अलीकडे, फौजी लोकांचं. माझा नवरा नाथाजी पलटणीत हवालदार आहे आणि त्याच्याच पलटणीत गावातले आणखी चौघे आहेत. मालिकेतही पाचच जवान, एकाच गावचे. माणसांची नावं बदलली, गावाचं नाव बदललं, बाकी फारसं काही बदललं नाही. बदलायला वेळ होता कुणाला? सात वाजले की एकतीस हजार माणसं भाग मागायची. पोरीला ताप आला म्हणून एकदा मी तीन दिवस लिहिलं नाही, तर पहिल्या दहांतून थेट चौतिसाव्या नंबरावर गेले. तिथून वर यायला दोन महिने लागले. तेव्हापासून ठरवलं होतं, काही झालं तरी खाडा करायचा नाही.

आता रोज लिहायचं म्हणजे रोज आणायचं कुठून? गावातल्या बायकांकडून. मी चोरून घेत होते असं कुणी म्हणू नये, त्यांना सगळं ठाऊक होतं. रोज सात वाजता बनुबाईंच्या सोप्यात बायका जमायच्या आणि पलटणीतल्या ऋषिराजची बायको क्रांती भाग मोठ्यानं वाचायची. बनुबाई आमच्या भावकीतल्या, मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्यांना वाचता येत नाही. नवरा वारल्यापासून घरात एकट्या, आणि एकुलता एक जयराज पलटणीत. मालिकेतला रणधीर म्हणजे जयराज, हे त्यांनी तिसऱ्याच भागात ओळखलं. मग रोज विचारायच्या, आज आमचा काय करतोय? कुणी सांगायचं हे लिही, कुणी सांगायचं ते लिहू नकोस, सासू ओळखेल. वाचून झालं की सगळ्या मिळून हसायच्या, एखादी डोळे पुसायची. खरं सांगते, ते दिवस मला फार आवडायचे.

त्यात एक गोष्ट घडली. नाथाजी फोनवर बोलता बोलता म्हणाला की यंदा गणपतीला सुट्ट्या मिळतीलसं वाटत नाही. मी ते दुसऱ्याच दिवशी मालिकेत घातलं, रणधीरची सुट्टी रद्द केली. आठवडाभरात पाचही घरांत खरोखर तेच फोन आले. झालं. तेव्हापासून बायकांची खात्री पटली की संयोगिताला, म्हणजे मला, आतलं कळतं आणि ती ते गोष्टीतून सांगते. मला हे कुणी बोलून दाखवलं तर मी नुसती हसायचे. नाही म्हणायला पाहिजे होतं, पण ते ऐकायला बरं वाटायचं.

त्या मंगळवारी फोन बंद होऊन चार दिवस झाले होते. जायच्या आधी नाथाजी म्हणाला होता, दहा-बारा दिवस फोन लागणार नाही, काळजी करू नकोस. फौजीच्या बायकांना याची सवय असते असं लोक म्हणतात. मला नाही. त्यात माझा नंबर घसरून चौदावर आला होता. मिरजेची मदिहा मला रोज नंबर कळवायची. ती तिथं एका दवाखान्यात काउंटरवर बसते. आधी माझी वाचक होती, मग ॲपवरचा माझा वाचकांचा गट तीच सांभाळायला लागली. त्या गटाचं नाव ‘परिवार’. गावातलं कुणीही त्यात नव्हतं, मीच कुणाला घेतलं नव्हतं. मदिहा म्हणाली, ताई, भाग मऊ पडलेत, लोक कंटाळलेत, आता कुणाला तरी काहीतरी व्हायला पाहिजे. आणि कुणाला ते लोकांनाच विचारू.

मी भाग एकशे बारा चाळीस मिनिटांत लिहिला. पलटणीतून सरपंचाला फोन येतो, तुमच्या गावच्या पाच पोरांपैकी एक गेला. कोण, ते सांगायच्या आत फोन तुटतो. संपला भाग. लिहिताना मी रडत होते आणि लिहून झाल्यावर खूशही झाले, दोन्ही खरं आहे. इकडे गटावर आम्ही मतदान लावलं, कोण गेला असेल? बुधवारी साडेपाचपर्यंत मत द्या.

बुधवारी सकाळी नऊला क्रांतीचा फोन आला. आवाज बसलेला. भाऊजींनी काय कळवलंय ते मला तरी सांगा, म्हणाली. मी म्हटलं, अगं, काहीच कळवलेलं नाही, माझ्या मनानं लिहिलंय सगळं. तिनं विचारलं, मग पाच दिवस फोन का लागत नाहीत? आणि सुट्टीचंही तुम्ही मनानंच लिहिलं होतं का? मग ती म्हणाली की रात्रीपासून बनुबाई जेवलेल्या नाहीत, सकाळी चहासुद्धा घेतला नाही. ते ऐकलं आणि काही विचार न करता मी भाग काढून टाकला.

हे केवढं मोठं झालं ते कळायला आमच्या गावातली सहा वर्षांपूर्वीची गोष्ट सांगावी लागेल. फौजेतला अर्जुना गेला तेव्हाची. बातमी गावात पहाटेच आली होती. पण आमच्याकडे अशी खबर आई-बायकोला लगेच देत नाहीत. जे काही यायचं ते दारात येईपर्यंत त्यांना म्हणायचं, काही झालेलं नाही, पायाला जरा लागलंय, पुण्याला दवाखान्यात आहे. टीव्हीवर दिसू नये म्हणून पोरांनी अख्ख्या गावाची केबल तोडली. अर्जुनाची बायको स्वप्नाली बिचारी टीव्ही दिसत नाही म्हणून स्वतः पत्र्यावर चढून वायर हलवत होती आणि खाली उभी माणसं तिला सांगत होती, लाईनला प्रॉब्लेम आहे, येईल थोड्या वेळात. त्या दिवसापासून आमच्या गावात काही दिसायचं बंद झालं की बायकांचे हातपाय गार पडतात. आणि मी नेमका भाग दिसायचा बंद केला होता.

दहा वाजेपर्यंत गावभर झालं. मी दळण आणायला बाहेर पडले तर पारावरची माणसं बोलायची थांबली, एक म्हातारे तर उठून उभे राहिले. घरी येते तोवर सरपंचांचा फोन. खरं काय ते मला एकट्याला सांग, म्हणाले, घरच्यांना कसं सांगायचं ते आम्ही बघतो. मी म्हटलं, मला काहीही माहीत नाही. ते म्हणाले, बरोबर आहे, तू हेच म्हणायचंस. मी इतकी भडकले की फोन आदळला. आता सरपंचांनी त्याचा काय अर्थ घेतला असेल तो घेतला असेल.

नाथाजीनं अडीअडचणीला म्हणून पलटणीच्या सेंटरचा एक नंबर देऊन ठेवला होता. तासभर लावल्यावर कुणीतरी उचलला. हिंदीत म्हणाला, सब ठीक है मॅडम, चिंता मत कीजिए. स्वप्नालीलाही याच शब्दांत सांगितलं होतं, ते तिनं नंतर कितीदा तरी बोलून दाखवलंय. फोन ठेवला आणि पहिल्यांदा माझ्याच मनात आलं की मी लिहिलेलं खरं असेल तर? पाच जणांतला एक. माझं मलाच हसू यायला पाहिजे होतं. ते आलं नाही.

दुपारी मदिहाचा फोन आला. गटावर नऊ हजार मतं पडली होती, एवढी कधीच नव्हती पडली, आणि भाग गायब झाल्यानं लोक खवळले होते. परत लाव, म्हणाली, आणि सात वाजता पुढचा आला नाही तर सगळं खाली येईल, तुलाच माहीत आहे. मी तिच्यावर इतकी ओरडले की पोरगी घाबरून आतल्या खोलीत गेली. मदिहानं सगळं ऐकून घेतलं. मग हळू म्हणाली, “ताई, त्यांना मतदान दाखव ना. जिला खरं माहीत आहे, ती लोकांना मत कशाला मागेल?”

ती बरोबर बोलत होती म्हणूनच मला तिचा राग आला. ते दाखवणं सोडून बाकी काहीही करायला मी तयार होते. मला वाटलं, आत्याबाईंना दोन घास खायला घालते, पाय धरते, समजावते. पिठलं केलं, दोन भाकरी थापल्या, ताट झाकलं आणि निघाले. तेही हातून चुकलंच, पण निघाले तेव्हा ध्यानात आलं नाही.

सोप्यात सात-आठ बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. पाचांतल्या शोएबची आई हुसेनबीही आली होती, तिच्या हातात जपाची माळ, तसबीह होती. बनुबाई मधे, खांबापाशी. मी ताट त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी झाकणाकडे बघितलं.

“झाकून आणलंस व्हय,” त्या म्हणाल्या. “अर्जुनाच्या घरी मीच पयली ताट झाकून घिऊन गेलते. तिला म्हनलं, खा गं बाई, काय झालं न्हाई.”

ज्या घरात माणूस गेलंय तिथं चूल पेटत नाही, शेजारच्या बायका झाकलेलं ताट नेतात. मी लहानपणापासून बघत आलेय. आता ते ताट मी उचलू शकत नव्हते आणि ठेवूही शकत नव्हते. मी तिथंच खाली बसले.

“जित्ता हाय का माजा?” बनुबाईंनी विचारलं. “हाय का न्हाई एवडंच सांग.”

हो म्हणायचं होतं मला. एका शब्दाचं काम होतं. पण पाच दिवस मलाही कुणाचा आवाज ऐकू आला नव्हता, मी कशाच्या जोरावर हो म्हणू? मी म्हटलं, “आत्याबाई, मला म्हाईत न्हाई. आईशप्पत, मला कुणाचंच काय म्हाईत न्हाई.”

“असंच म्हनत्यात,” त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. हुसेनबी हलक्या आवाजात रडायला लागली.

चार वाजून गेले होते. मी मोबाईल काढला, गट उघडला आणि क्रांतीच्या हातात दिला. वाच, म्हटलं. हे मतदान आहे. कोण मेला असेल ते मी लोकांना विचारलंय. मलाच माहीत नाही, म्हणून विचारलंय. साडेपाचला ज्याला जास्त मतं, तो मरणार होता गोष्टीत. बोलताना माझा आवाज मलाच परका वाटत होता. बायकांना आधी काही कळलं नाही. क्रांतीनं मोबाईल डोळ्यांजवळ धरला आणि रोज भाग वाचते तशी मोठ्यानं वाचायला लागली. चार नावं होती. तिनं ती वाचली, पुढची मतं वाचली. तिच्या ऋषिराजचं मालिकेतलं नाव आलं तेव्हा ती अडखळली, पण थांबली नाही. हुसेनबीनं शोएबचा आकडा पुन्हा विचारून घेतला. सगळ्यात वर रणधीर होता. चार हजार एकशे बारा.

“चार हजार?” बनुबाई भिंतीकडून वळल्या. “आपल्या गावात तरी हायती का तेवडी मान्सं?”

क्रांतीचं लक्ष नव्हतं, ती खालची कमेंट वाचत होती. सवयीनं तीही तिनं मोठ्यानंच वाचली, “रणधीर गेला पाहिजे, म्हातारी एकटी आहे, तिचा सीन जबरदस्त होईल.” शेवटच्या शब्दाला तिला काय वाचलं ते कळलं. तिनं मोबाईल उलटा करून मांडीवर ठेवला.

कमेंटखाली मी हृदयाचं चिन्ह दिलं होतं. ते क्रांतीनं बघितलं असणार. मला तिथून उठून पळून जावंसं वाटत होतं. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही. माझ्या वाचकांना शिव्या घालून मी सुटले असते, पण त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत की म्हसवडच्या अलीकडे एक सोपा आहे आणि त्यात ही म्हातारी बसलेली असते? मला माहीत होतं.

बनुबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी ताटावरचं झाकण काढलं, भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि तोंडात घातला. भिंतीला टेकलेल्या एकीनं सुस्कारा सोडला. त्यांचा विश्वास बसला होता. मला खरंच काही माहीत नव्हतं हे त्यांना पटलं होतं. दुसरा घास घेताना त्या थांबल्या आणि बोटावर मोजायला लागल्या. एकदा मोजून झालं, मग पुन्हा मोजलं.

“क्रांते, नावं किती हुती?”

“चार, आत्ती.”

“गोष्टीत पाच हायती. आमचा, तुजा, हुसेनबीचा, तळावरच्या मनुबाईचा.” त्यांनी पाचवं बोट धरून ठेवलं. “हिचा न्हाई त्यात.”

सोप्यातल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मालिकेतला नाथाजी म्हणजे विक्रांत. मी म्हटलं, विक्रांत मालिकेचा हिरो आहे, त्याला मारलं तर मालिकाच संपेल, वाचक सोडून जातील. हे खरं होतं. मदिहालाही मी हेच सांगितलं होतं आणि तिनंही ते मान्य केलं होतं.

“मग आता टाक,” बनुबाई म्हणाल्या. “मत पडू दे न पडू दे. टाक नुसतं नाव.”

क्रांतीनं मोबाईल माझ्याकडे दिला. मतदान बंद व्हायला अजून तासभर होता, नाव वाढवता येत होतं. चौकट उघडली. वि लिहिलं. पुढचं अक्षर होईना. गोष्टीतलं तर नाव, नाथाजीचं नावही नव्हे ते. पण त्या चौकटीवर ठळक अक्षरात लिहिलं होतं, कोण गेला असेल? आणि मला पाच दिवसांपूर्वीचा त्याचा आवाज आठवत होता, पोरीला दे म्हणाला होता, ती झोपली होती म्हणून मी दिला नव्हता. मी तो वि खोडला. सगळ्यांसमोर रडू फुटलं.

“मला न्हाई जमत, आत्याबाई.”

त्यांनी मान हलवली. त्यांना राग आलेला दिसत नव्हता. एखादीला एखादं काम कसं केलंस ते विचारावं, तसं त्यांनी विचारलं.

“मग माज्या पोराचं कसं जमलं गं?”

हुसेनबीनं पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला, पण तोही मला उचलता आला नाही.

घरी येऊन मी मतदान बंद केलं आणि ‘परिवार’वर लिहिलं की आज भाग नाही, उद्याही नाही, आणि या पाचांतलं कुणी मरणार नाही. सात वाजता कमेंट यायला लागल्या. कुणी म्हणालं, ताई, तब्येत सांभाळा. कुणी म्हणालं, एवढं ताणून ठेवलंत आणि आता फसवताय. एकानं लिहिलं, कुणी मरणारच नसेल तर वाचायचं कशासाठी? आठवडाभरात माझं नाव यादीत शोधावं लागायला लागलं. मदिहा अजूनही अधूनमधून फोन करते, पण नंबर सांगत नाही.

फोन बंद झाल्यापासून नवव्या दिवशी नाथाजीचा फोन आला. सगळे ठीक होते, पाचही जण. मी चप्पलसुद्धा न घालता बनुबाईंच्या घराकडे धावले. सोप्यात बायका बसल्या होत्या, कशावरून तरी हसत होत्या. मला बघून थांबल्या. क्रांतीनं सरकून जागा दिली. मी धापा टाकत सांगितलं, फोन आला, सगळे सुखरूप आहेत. त्या म्हणाल्या, हो, सकाळीच आले आमचे फोन. बनुबाईंनी मला चहा दिला. पोरीची चौकशी केली, यंदा ज्वारी बरी आहे म्हणाल्या, म्हसवडला बाजारात वांगी महाग झाली तेही सांगितलं. मी वाट बघत बसले. कप रिकामा झाला तरी बसले. जयराज फोनवर काय बोलला, ते त्यांनी मला सांगितलं नाही.